उन्हावर जगणारा दाढीवाला सरडा

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातली कोरडी, लाल माती. कुंपणाच्या खांबावर एक सरडा अंग चपटं करून ऊन खात बसला आहे. सकाळी त्याची पाठ गडद दिसते, कारण गडद कातडी ऊन लवकर शोषते. अंग तापलं की तीच पाठ फिकी पडू लागते. दुपारी ऊन सोसेनासं झालं, तर तो तोंड उघडं टाकतो, नाहीतर सावली गाठतो. थंडीच्या दिवसांत मात्र आडोशाला निपचित पडून राहतो.

हा बिअर्डेड ड्रॅगन, पोगोना व्हिटिसेप्स. शेपटीसकट साधारण 60 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. किडे खातो, पाला आणि फुलंही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारा सरडा याच कुळातला.

आता त्याची दाढी बघा. समोर दुसरा नर आला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगते, काळीकुट्ट होते, आणि मान जोरजोरात वरखाली होऊ लागते. कमजोर सरडा काय करतो? एक पुढचा पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवतो. माघार घेतल्याची ही खूण. मारामारी न करता वाद मिटवण्याची ही रीत किती शहाणपणाची आहे!

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट घडते मातीखाली. मादी खड्डा खणून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू नर होणार की मादी, हे एरवी गुणसूत्रं ठरवतात: नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू नावाचं. मात्र अंडी साधारण 32 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापली, तर दोन झेड असलेली पिल्लंही मादी म्हणून जन्मतात. अशा माद्या रानातही सापडल्याचं 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्या अंडी घालतात, आणि त्या अभ्यासात तर नेहमीच्या माद्यांपेक्षा जास्त.

त्यांच्या पिल्लांना आईकडून डब्ल्यू मिळतच नाही. मग त्या पिल्लांमध्ये नर कोण आणि मादी कोण, हे एकट्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. गुणसूत्रांची सत्ता एका पिढीत उष्णतेच्या हाती जाते. आणि त्या प्रदेशातले उन्हाळे आता आणखी तापत चालले आहेत.