अंगठा, पिन आणि किराणा दुकान

[दृश्य: धसईची बाजारपेठ. शटर वर जातात, गोणी बाहेर मांडल्या जातात.]

निवेदन:
ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका, धसई. आसपासच्या गावांचा आणि पाड्यांचा बाजारहाट इथेच होतो. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. महिनाही उलटला नव्हता, तोवर 1 डिसेंबरला धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने इथल्या दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. मंत्री आले, कॅमेरे आले.

वर्षभराने बातमीदार पुन्हा गेले, तेव्हा बराचसा बाजार रोखीवर परतला होता.

यात गावाचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. दुकानात यंत्र एका दिवसात बसतं. पण समोरच्या गिऱ्हाइकाकडे कार्ड हवं, कार्डाचा पिन हवा, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर हवा, तो मोबाइल घरात दुसऱ्या कुणाच्या नव्हे तर त्या गिऱ्हाइकाच्याच हातात हवा, आणि बटण दाबायची भीती गेलेली हवी. हे एका दिवसात होत नाही. हे काम गल्ल्यापाशी होतं. महिनोन्‌महिने, थोडं थोडं. आणि ते करू शकेल असा माणूस गावात आधीपासूनच आहे. तो म्हणजे दुकानदार.

[दृश्य: क्यूआर कोडचा स्टँड. शेजारी उधारीची वही, वहीवर पेन.]

निवेदन:
2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या लोकांना विचारलं होतं: इंटरनेट कधी वापरलंय का? देशभरात शंभर पुरुषांमागे 57 जण हो म्हणाले. बायकांमध्ये हा आकडा 33 होता. आणि स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम निम्म्या बायकांकडे होता.

त्याच काळात कोरोनाची लस आली. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्या लोकांना लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी करूनच वेळ घ्यावी लागत होती. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकारला विचारला. डिजिटल दरी म्हणजे काय, हे तेव्हा शहरातल्यांनाही दिसलं. खेड्यात ती रोजची गोष्ट होती आणि आहे. गॅस सिलिंडरची डिलिव्हरी, पीक विम्याचा अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळीकडे ओटीपी लागतो.

2025 मध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली, तेव्हा अनेक बायकांची अडचण एकच होती. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, किंवा तो फोन मुलाच्या खिशात आणि मुलगा कामाला पुण्याला.

[दृश्य: दुकानाच्या एका कोपऱ्यात बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र. एक आजी अंगठा साडीला पुसून पुन्हा ठेवते.]

निवेदन:
रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. 2009 मध्ये किराणा, औषध आणि रेशन दुकानदारांनाही असं प्रतिनिधी होता येऊ लागलं. त्यामुळे आज कित्येक गावांत साखर-चहापत्ती मिळते त्याच ठिकाणी आधारवर अंगठा लावून खात्यातले पैसेही काढता येतात. बँकेची शाखा दहा-पंधरा किलोमीटर लांब असते. जायचं तर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. ही सोय किती मोठी आहे, हे ज्याची मजुरी बुडते त्यालाच विचारावं.

पण इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. कारण दुकानदाराची मदत आणि दुकानदाराची सत्ता या दोन्ही गोष्टी याच गल्ल्यावर असतात.

अंगठा लावणाऱ्या बाईची या दुकानात उधारी असते. खात्यात योजनेचे पंधराशे जमा झाले, हे तिच्याही आधी दुकानदाराला कळतं, कारण शिल्लक तोच बघतो. मग "मागचे सहाशे वळते केले, हे घ्या नऊशे" असं म्हणणं फार सोपं असतं. उधारी खरी असते, देणंही रास्त असतं. तरीही हे बरोबर नाही, असं आम्ही स्पष्ट म्हणू. पूर्ण रक्कम आधी तिच्या हातात पडली पाहिजे, तिने ती मोजली पाहिजे. वहीचा विषय त्यानंतर. आपल्या खात्यात किती आले आणि किती उरले, हे जिला कुणी सांगितलंच नाही, तिच्यासाठी बँक अजूनही लांबच आहे.

दुसरी गोष्ट. बँकेच्या या सेवेसाठी प्रतिनिधीने गिऱ्हाइकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. प्रतिनिधीला कमिशन बँक देते. तरीही काही ठिकाणी हजारामागे दहा-वीस रुपये कापले जातात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की तशीच रीत आहे. दुकानदाराची बाजूही आम्हाला समजते. योजनेचा हप्ता खात्यांत जमा होतो त्या दिवशी दारात रांग लागते, गल्ल्यातली रोकड दुपारपर्यंत संपते, मग त्यालाच तालुक्याला जाऊन पैसे आणावे लागतात. मिळणारं कमिशन या धावपळीला पुरत नसेल तर ते वाढवायला बँकेशी भांडायला हवं. आजीच्या पैशातून ते वसूल करता येत नाही.

आणि अंगठा जुळला नाही तर? भात लावून, भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र नकार देतं आणि बाई ओशाळते, जणू तिचंच काही चुकलं. अशा वेळी हात धुऊन, कोरडा करून दुसरं बोट लावून बघायचं. खात्यातून पैसे वजा झाले पण हातात आले नाहीत, असंही होतं. म्हणून दर वेळी, व्यवहार फसला तरीसुद्धा, पावती द्यायची आणि ती वाचून दाखवायची. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हा नियम किती गिऱ्हाइकांना माहीत आहे? दुकानाच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहिता येईल.

[दृश्य: दुपारी तीनची वेळ. दुकान शांत. एक बाई साधा बटणांचा फोन घेऊन उभी.]

आवाज १: शेठ, तुम्हीच दाबा ना.
आवाज २: मावशी, मी सांगतो, दाबायचं तुम्ही. पिन टाकताना मी तोंड फिरवतो.

निवेदन:
बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चालतं. फोन दुकानदाराच्या हातात, पिन त्याला तोंडपाठ, कधी कधी तो पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला. सगळं चांगल्या मनाने, वेळ वाचावा म्हणून. त्यात काम होतं, पण ती बाई दहा वर्षांनीही तिथेच उभी राहते. संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते, तेव्हा शिकवणं कुणालाच शक्य नाही. दुपारची दोन-तीन तासांची शांत वेळ मात्र जवळजवळ प्रत्येक दुकानात असते. त्या वेळेत दहा रुपयांचा एक व्यवहार तिच्या हाताने, एवढंच करायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक.

साध्या फोनवरही यूपीआय चालतं. 8 मार्च 2022 ला 'यूपीआय 123 पे' ही सोय सुरू झाली. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको. फोन लावायचा, आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे. ही माहिती गावात पोचायला दुकानाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आणि एक वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ करून द्यायलाच हवं: पैसे पाठवायला पिन लागतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणुकीचे कितीतरी फोन या एका वाक्यापाशी अडतात.

काही गोष्टी बायका पुरुष दुकानदाराला विचारत नाहीत. खात्यातली शिल्लक नवऱ्याच्या मित्रासमोर कोण बोलून दाखवेल? ग्रामीण बचत गटांच्या 'उमेद' या सरकारी अभियानातून तयार झालेल्या, बँकेच्या कामात मदत करणाऱ्या 'बँक सखी' अनेक गावांत आहेत. आठवड्यातली एक दुपार त्यांच्यासाठी दुकानातलं एक टेबल मोकळं ठेवलं, तर दुकानालाही चार गिऱ्हाइकं जास्त येतील.

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान. काचेच्या कपाटात जुने फोन.]

निवेदन:
मोबाइल विकणाऱ्यांनाही एक विनंती. जुना फोन दुरुस्त करून विकताना त्याची भाषा मराठी करून द्या, अक्षरं मोठी करा, बोलून टाइप कसं करायचं ते दाखवा. पाच मिनिटं लागतात. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसासाठी फोन वाचून दाखवतो, ही सोय फोनमध्येच असते, पण ती सुरू कोण करून देणार?

इंटरनेटसुद्धा दुकानातून देता येतं. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकान सार्वजनिक वायफाय चालवू शकतं, आणि दुकानदाराला त्यासाठी परवाना लागत नाही. एकेकाळी गावातला फोन म्हणजे दुकानातला पीसीओ, म्हणजे पैसे देऊन वापरायचा सार्वजनिक फोन, होता. मुंबईला गेलेल्या मुलाचा निरोप तिथेच यायचा. दुकानदार धावत जाऊन सांगायचा, "काकू, फोन आलाय." तीच माणसं आज वायफाय चालवायलाही योग्य आहेत.

शहरातल्या मोठ्या दुकानांचं काय? तिथे सवलत ॲपवर, बिल मोबाइलवर, तक्रार संकेतस्थळावर. ॲप नसलेल्या आजोबांना तीच डाळ महाग पडते. ॲपवरचा दर काउंटरवर मागितला तर तिथेही मिळावा, कागदी बिल मिळावं आणि रोख पैसे घ्यायला कुणी नाही म्हणू नये. धसईच्या अनुभवातून आम्ही हेच शिकलो. माणसाला नवं अंगवळणी पडेपर्यंत जुनी वाट उघडी ठेवावी लागते.

[दृश्य: गल्ल्याच्या मागे भिंतीवर हाताने रंगवलेला आकडा, 1930.]

निवेदन:
हा आकडा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा आहे. फसलेला माणूस बऱ्याचदा आधी दुकानात येतो. रडवेला असतो, घरी कळू नये म्हणून घाबरलेला असतो. त्याला ओरडू नये. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. म्हणून "उद्या बँकेत जाऊ" असं न म्हणता दुकानदाराने तिथेच फोन लावावा, तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून द्यावा, आणि मगच पुढचं गिऱ्हाईक घ्यावं.