लादी सोडून जाताना

श्रोतेहो, नमस्कार. ध्रुवीय संशोधन केंद्रावर गेलेल्या माणसाला मनात येईल तेव्हा परतता येत नाही. जहाज किंवा विमान पोहोचेल तेव्हाच निघता येते. २०२०च्या महासाथीत विमाने थांबली, सीमा बंद झाल्या आणि अशा केंद्रांवरची माणसे जागच्या जागी अडकली. त्या काळातला जो प्रसंग सांगायला मला सर्वांत आवडतो, तो उत्तर ध्रुवाकडचा आहे.

जर्मनीचे ‘पोलारस्टर्न’ हे बर्फफोडे जहाज सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सोहून निघाले आणि आर्क्टिक महासागरात काही किलोमीटर लांबीरुंदीच्या एका बर्फाच्या लादीला बांधले गेले. वर्षभर लादीबरोबर वाहत जायचे आणि हवा, बर्फ व समुद्र यांची अखंड मोजणी करायची, असा ‘मोझाइक’ मोहिमेचा बेत होता. मार्च २०२० मध्ये नॉर्वेने सीमा बंद केल्या, तेव्हा नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवरून विमानाने होणारी माणसांची अदलाबदल रद्द झाली. नवी तुकडी जर्मनीत विलगीकरणात राहिली आणि तपासण्या झाल्यावर ‘सोने’ व ‘मारिया एस. मेरियन’ या दोन जहाजांनी निघाली. परंतु ही जहाजे बर्फ फोडणारी नसल्यामुळे त्यांना गाठायला ‘पोलारस्टर्न’नेच लादी सोडून दक्षिणेकडे येणे भाग होते. मे महिन्याच्या मध्यावर लादीवरच्या तारा गुंडाळल्या गेल्या, बरीच उपकरणे जहाजावर चढवली गेली आणि आपोआप चालणारी काही यंत्रे तिथेच ठेवण्यात आली. दाटलेल्या बर्फातून वाट काढता काढता जहाजाला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. जूनच्या आरंभी स्वालबार्डच्या खाडीत अदलाबदल झाली, आणि लादीवर ठेवलेली यंत्रे आपला ठावठिकाणा कळवत राहिल्यामुळे १७ जूनच्या सुमारास जहाज पुन्हा त्याच लादीला येऊन लागले.

पुन्हा सांगतो, लादी सापडली, पण मधला महिना गेला. लादीवरचा बर्फ वितळायला सुरुवात झाली ती नेमकी त्याच काळात, आणि माणसांनी हाताने घ्यायची बरीचशी मोजमापे त्यामुळे राहून गेली. माणसे लवकर निघाली की विज्ञानाचे नुकसान होते ते असे.

ओघात एक मत मांडतो. परतीचा मार्ग बंद झाल्यावर नेमणुकीपेक्षा कितीतरी अधिक काळ संशोधकांबरोबर स्वयंपाकी, यंत्रज्ञ आणि खलाशीही राबले. अशा मोहिमांच्या अहवालांत त्यांची नावे शास्त्रज्ञांच्या शेजारीच छापली गेली पाहिजेत, असे मला अगदी मनापासून वाटते.

दक्षिणेकडे वेगळेच संकट आले. डिसेंबर २०२० मध्ये अंटार्क्टिकातील चिलीच्या ओ’हिगिन्स तळावर ३६ जणांना संसर्ग झाला आणि त्यांना चिलीच्या दक्षिण टोकाकडील पुंता अरेनास शहरात हलवावे लागले. मोजके डॉक्टर, छोटासा दवाखाना आणि एकाच छपराखालचा वावर असताना तिथे आजार रोखणे किती अवघड, हे आपल्याला सांगायला नको.

आपल्या देशाची चाळिसावी अंटार्क्टिक मोहीम जानेवारी २०२१ मध्ये ४३ सदस्यांसह गोव्याहून थेट जहाजाने निघाली. ‘भारती’ आणि ‘मैत्री’ या केंद्रांवर हिवाळा काढलेल्यांना मोकळे करायचे, तर त्यांच्या जागी नवी माणसे पोहोचायलाच हवी होती. ती पोहोचली, आणि केंद्रांचे काम चालू राहिले.