हिज्कीयानं पत्र देवापुढे पसरलं

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी काहीजण आज अशा जागी उभे असाल, जिथून पुढची वाटच दिसत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला आणि नजर वळवली. कर्जाची नोटीस दारावर लागली. घरातलं माणूस निघून गेलं आणि त्याचा फोन लागत नाही. अशा वेळी "देवावर भरवसा ठेवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण भरवसा ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून करायचं काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज बायबलमधल्या यहूदाचा, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या छोट्या राज्याचा, राजा हिज्कीया याच्याविषयी बोलतो.

इसवी सनापूर्वी 701 चा काळ. अश्शूर या बलाढ्य साम्राज्याचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची 46 नगरं घेतली, असं त्यानं स्वतःच कोरून ठेवलंय. त्यांतलं लाखीश नगर कसं पाडलं, हे त्यानं आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर दगडात खोदून घेतलं. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सामान लादलेल्या बैलगाड्या, त्यांवर बसलेल्या बायका नि मुलं, गाव सोडून निघालेली माणसं, सगळं त्यांत दिसतं. पुढचा नंबर हिज्कीयाच्या राजधानीचा, यरुशलेमचा होता.

हिज्कीयानं आधी पैशांनी संकट टाळून पाहिलं. 300 किक्कार चांदी आणि 30 किक्कार सोनं दिलं; किक्कार हे तेव्हाचं वजनाचं माप. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा उतरवलं. तरी सैन्य आलंच.

आता तटाजवळचा प्रसंग पाहा. सन्हेरीबाचा सरदार रब्शाके खाली उभा राहून बोलू लागला. म्हणाला, मी तुम्हांला दोन हजार घोडे देतो, त्यांवर बसवायला स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? राजाचे कारभारी विनवू लागले, बाबा, अरामी भाषेत बोल, आम्हांला ती कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं आमच्या इब्री भाषेत बोलू नको. त्यावर त्यानं आवाज आणखी चढवला आणि इब्रीतच ओरडला: हिज्कीयाच्या बोलण्याला भुलू नका, आजवर कुठल्या देवानं आपला देश आमच्या हातून सोडवलाय?

संकटाचा आवाज असाच असतो. तो आपल्याच भाषेत बोलतो, आणि त्यात थोडं खरंही असतं. देश खरोखरच पडले होते. स्वार खरोखरच नव्हते. पण तटावरच्या एकाही माणसानं उत्तर दिलं नाही, कारण राजाची तशी आज्ञा होती. मला ही आज्ञा फार मोलाची वाटते. रात्री दोन वाजता मनात उठणाऱ्या प्रत्येक "आता कसं होणार?" ला जबाब देत बसायलाच हवं, असं नाही.

मग पत्र आलं. तीच धमकी, आता लेखी. हिज्कीयानं ते वाचलं आणि तो मंदिरात गेला. तिथे त्यानं ते पत्र परमेश्वरापुढे उघडून पसरलं. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे आहे, जरूर वाचा. त्याच्या प्रार्थनेची सुरुवात शत्रूपासून होत नाही. आकाश आणि पृथ्वी तूच निर्माण केलीस, पृथ्वीवरच्या सगळ्या राज्यांचा देव तूच आहेस, असं तो आधी म्हणतो. आणि मग म्हणतो, परमेश्वरा, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली, हे खरं आहे.

हे खरं आहे! विश्वास म्हणजे वाईट बातमीकडे पाठ फिरवणं, अशी आपली समजूत करून दिली जाते. रिपोर्टचं नाव काढलं की "असं बोलू नका, अविश्वास होतो" म्हणून गप्प केलं जातं. हिज्कीयानं पत्रातली एक ओळसुद्धा झाकली नाही. फक्त ते आपल्या उशाशी ठेवलं नाही, देवापुढे ठेवलं.

आणि तो हात जोडून बसूनही राहिला नव्हता. वेढा पडला तर शहराला पाणी मिळावं म्हणून त्यानं झऱ्याचं पाणी आत वळवलं होतं. खडकातून खोदलेला सुमारे 533 मीटरचा तो बोगदा आजही आहे आणि त्याचाच तो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा औषध चालू ठेवा, वकिलाला भेटा. त्यानं देवाचा अपमान होत नाही.

त्या रात्री परमेश्वराच्या दूतानं शत्रूच्या छावणीतले हजारो सैनिक मारले, असं शास्त्रात लिहिलंय. सन्हेरीब परत गेला. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, अशी फुशारकी त्याच्या लेखात आहे. यरुशलेम घेतलं, असं मात्र नाही.

पण लाखीशचं काय? तिथेही देवाला हाक मारणारे लोक असतीलच. तिथे सुटका झाली नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्या घरी प्रार्थना करूनही माणूस गेलं, त्यांना मी उत्तर देऊ पाहणार नाही. मला शद्रख, मेशख आणि अबेद्नगो आठवतात, राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून ज्यांना जळत्या भट्टीत टाकायचं ठरलं ते बायबलमधले तिघे. भट्टीसमोर ते राजाला म्हणाले, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे; आणि त्यानं नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आत काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भरवसा मी त्याला म्हणतो.

एक गोष्ट बहुधा वाचायची राहून जाते. यशया संदेष्ट्यानं हिज्कीयाला खूण दिली होती: या वर्षी जे आपोआप उगवेल ते खा, दुसऱ्या वर्षी त्यातूनच जे येईल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा, कापा, द्राक्षमळे लावा. सुटकेच्या वचनातच दोन वर्षं न पेरलेल्या पिकावर काढायची होती. तुम्ही कदाचित त्या पहिल्या वर्षात असाल. कुणाची अचानक आलेली मदत, एखाद्या रात्री लागलेली झोप, दवाखान्याच्या रांगेत सोबत थांबलेलं माणूस, हे तुम्ही पेरलेलं नव्हतं. ते देवाकडून आलंय म्हणून घ्या आणि आजचा दिवस त्यावर काढा.