नुसतं बघणारं गिऱ्हाईक

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की आपल्या बचत गटांची आणि कारागिरांची पळापळ सुरू होते. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा ही विक्रीची प्रदर्शनं, शिवाय तालुक्यातालुक्यांतले महोत्सव. टेबलावर चादर कशी घालायची, माल कसा रचायचा, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला बोलायचंय ते नुसतं बघणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल. येतं, वस्तू उचलतं, उलटी करून बघतं, ठेवतं आणि पुढे जातं. भवानी व्हायची असते, आणि आपण मनातल्या मनात म्हणतो, आले फुकटे!

फुकटे नसतात हो. एक खूण सांगते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा. "अय्या, किती नाजूक काम!" असं म्हणणारी बाई बहुतेक निघालेली असते, पिशवी खांद्यावर चढलेली असते. आणि जी म्हणते, "हा रंग जाईल का? इथे जरा खरखरीत लागतंय," तिने ती वस्तू मनातल्या मनात घरी नेऊन ठेवलेलीसुद्धा असते. पुन्हा सांगते, तोंडाकडे नाही, हाताकडे.

यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुण्यातलं एक प्रदर्शन, डिसेंबरातली संध्याकाळ. आमच्या स्टॉलवर सावंतवाडीची लाकडी फळं आणि गंजिफा. गंजिफा म्हणजे आपले गोल पत्ते, दशावताराचे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण 120. हाताने रंगवलेला संच, किंमत हजारांत, त्यामुळे लोक लांबूनच नमस्कार करतात.

तर एक आजोबा आले, ऐंशीच्या घरातले. पेटी उघडली आणि पानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे गर्दी तटलेली. शेजारच्या लोणचेवाल्या ताई मला खुणावतायत, उठवा त्यांना. आमच्या गटातल्या वहिनी मात्र शांत. त्या लाकडी सीताफळाला पॉलिश पेपर मारत बसलेल्या, त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवलं. आजोबांचं मोजून झालं, 120 भरली. मग म्हणाले, "ह्या दोन अवतारांच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, फार जवळची झाली. रात्री दिव्यात वेगळी ओळखू येणार नाहीत." वहिनी म्हणाल्या, "खेळून बघा की."

गंजिफा खेळायला तीन माणसं लागतात. आजोबा, वहिनी आणि भेळ खात उभी असलेली एक कॉलेजची मुलगी. पानं वाटली. आता दिवसा खेळ असेल तर राम आधी उतरतो, रात्री असेल तर कृष्ण. आणि आम्ही बसलेलो मांडवात, डोक्यावर ट्यूबलाइटी! दिवस म्हणायचा की रात्र? आजोबा म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग एका छोट्या मुलाला बाहेर पिटाळलं, सूर्य बुडाला का बघून ये. तो धावत आला आणि ओरडला, "अर्धाच गेलाय!"

आजोबांनी पानं पालथी ठेवली. "मग थांबू."

आणि अख्खा स्टॉल थांबला हो! पंचवीस-तीस माणसं सूर्य बुडायची वाट बघत उभी. करायला काही नाही, विकायला कोणी मागे लागलेलं नाही. मग हात आपोआप टेबलाकडे गेले. कोणी केळं उचललं, कोणी फणस. "हे खरंच लाकूड आहे?" "आंब्याचं का?" पोरगं दर मिनिटाला बाहेर जाऊन बातमी आणतंय, थोडासाच राहिलाय, थोडासाच राहिलाय, आणि इकडे वहिनी एका हाताने पैसे घेतायत, दुसऱ्या हाताने फळं कागदात गुंडाळतायत. शेवटी सूर्य बुडाला, कृष्ण उतरला, टाळ्या पडल्या. डाव ती भेळवाली मुलगी जिंकली. तिला एकही नियम धड कळला नव्हता.

आजोबांनी त्या दिवशी काही घेतलं नाही. शेवटच्या दिवशी सुनेला घेऊन आले, पुन्हा त्या रंगांवरून कुरकुरले आणि संच घेऊन गेले. घासाघीस केली नाही.

बोलता बोलता वेळ गेला, आता थोडक्यात. स्टॉलवर हाताला काम असू द्या. आपण रिकामे बसून टक लावून पाहिलं की माणूस बिचकतो, "या ताई, बघा ताई" म्हटलं की पाऊल मागे घेतो. हात चालू असले की तो आधी हात बघतो, मग वस्तू. मोबाइल बघत बसणं म्हणजे हाताला काम नव्हे. किंमत चिठ्ठीवर लिहून ठेवा, कारण पुष्कळांना विचारायचाच संकोच असतो. आणि "एक चक्कर मारून येते" म्हणणाऱ्या बाईला तोंड वाकडं करू नका. तिला चार ठिकाणी भाव बघायचाय, तुम्ही आम्ही भाजी घेताना तेच करतो. फक्त खूण सांगा, पाण्याच्या टाकीसमोर, निळी चादर. ती दमलेली असली की खुणेवर परत येते.

आयोजकांनाही एक सांगायचंय, विषय सोडून आहे, पण सांगते. त्या लाउडस्पीकरवरची गाणी जरा हळू लावा. गिऱ्हाईक "केवढ्याला" म्हणतं, आम्हाला "वेगळ्याला" ऐकू येतं आणि आम्ही वेगळं दाखवत बसतो.

बायकांच्या घोळक्यात घेणारी एक असते आणि बोलणाऱ्या चार. बोलणारीला उत्तर द्या, पण वस्तू घेणारीच्या हातात द्या. पिशव्या धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला बसायला स्टूल द्या, नाहीतर तो "चला, चला" म्हणून सौदा मोडतो. अगदी हटकून मोडतो.

आणि शेवटच्या दिवशी भाव पाडू नका. माल परत न्यायचं भाडं वाचतं हे खरं, पण पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घेऊन गेलेली बाई त्याच शहरात राहते, आणि शेवटच्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन येते. येत्या हंगामासाठी शुभेच्छा. नमस्कार.