फळ न तोडणारी माणसं

[दृश्य: जुन्या विटांची भिंत. खिडकीची चौकट जागेवर, मधला भाग विटांनी बुजवलेला.]

ही खिडकी नीट पाहा. वर कमान आहे, कडेने दगडी चौकट आहे, पण काच असायला हवी तिथे विटा आहेत. इंग्लंडमधल्या जुन्या घरांवर अशा बुजवलेल्या खिडक्या आजही दिसतात, आणि त्यातल्या कित्येकींमागे एक कर आहे.

1696 साली तिथे खिडक्यांवर कर बसला. त्यामागचा विचार सरळ होता. माणूस किती श्रीमंत आहे हे कळायला त्याच्या तिजोरीत डोकवायला नको, रस्त्यावरून खिडक्या मोजल्या की झालं. घर मोठं तर खिडक्या जास्त, खिडक्या जास्त तर कर जास्त. ऐकायला न्याय्यच वाटतं.

पण शहरांमध्ये एकेका मोठ्या इमारतीत अनेक गरीब कुटुंबं भाड्याने राहायची. कराच्या हिशेबात ती सगळी मिळून एकच घर, आणि त्या घराला खिडक्या अर्थातच भरपूर. मालक कर वाचवायला खिडक्या बुजवायचा आणि आतली बिऱ्हाडं अंधारात, कोंदट हवेत दिवस काढायची. श्रीमंती मोजायला काढलेली फूटपट्टी गरिबांच्या उजेडावर येऊन पडली. हा कर रद्द व्हायला 1851 साल उजाडलं.

अतिश्रीमंत माणसं त्यांच्या वाट्याचा कर भरतात का, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच टक्क्यांवर जातं. दर 30 हवा की 40, यावर तासन्‌तास वाद होतात. टक्के काढायचे ते कशावर, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. मला खरी मेख तिथे दिसते.

[दृश्य: पगाराची स्लिप. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

पगाराची स्लिप जवळून वाचा. सगळ्यात वर मोठा आकडा, तो कामाचा मोबदला. मग कपातीच्या ओळी सुरू होतात. तळाशी उरतो तो हातात पडणारा आकडा. नोकरदार माणूस वरच्या आकड्याकडे फारसं बघतही नाही, घरखर्चाचा हिशेब तळाच्या आकड्यावरच मांडतो. कर यंदा भरू की दहा वर्षांनी, असा विचार करायची संधीच त्याला मिळत नाही. पैसे खात्यात येण्याआधीच सरकारचा वाटा निघून गेलेला असतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ब्रिटनमध्ये 1799 साली फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी प्राप्तिकर आला, तेव्हा वर्षाला 60 पौंडांच्या आत कमावणाऱ्याला तो लागूच नव्हता. साधा मजूर त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नसे. म्हणजे प्राप्तिकर जन्मला तो सुखवस्तू लोकांचा कर म्हणून. तो सर्वसामान्यांच्या घरात शिरला मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात. मालकानेच पगारातून कर कापून सरकारजमा करायचा, ही पद्धत अमेरिकेत 1943 साली आणि ब्रिटनमध्ये 1944 साली सुरू झाली. युद्ध संपलं, कपात राहिली.

आणि पगाराशिवाय दुसरं काही नसलेली माणसं किती आहेत? 2022 च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे एकूण संपत्तीपैकी फक्त 2 टक्के संपत्ती आहे, तर वरच्या 10 टक्क्यांकडे 76 टक्के. खालच्या निम्म्यांची जवळपास सगळी कमाई खर्चातच संपते, त्यामुळे खरेदीवरचा करही त्यांच्या जवळपास सगळ्या मिळकतीला लागतो. त्यांचं सगळं उघड्यावर, मोजलेलं. त्यांच्या खिडक्या रस्त्यावरून दिसतात.

[दृश्य: जुनं शेअर प्रमाणपत्र. कोरीव नक्षी, शाईची सही.]

आता दुसरी बाजू. 1916 साली स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने भागधारकांना लाभांश दिला, पण रोख नाही, नव्या शेअरच्या रूपात. मर्टल मॅकोंबर या भागधारकाकडे 2,200 शेअर होते, त्यांना 1,100 नवे मिळाले. हे उत्पन्न आहे, कर भरा, असं सरकार म्हणालं. मॅकोंबर बाईंनी कर भरला आणि तो परत मिळवायला कोर्टात गेल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

1920 साली निकाल लागला, पाच विरुद्ध चार. बाई जिंकल्या. निकालपत्रात अर्थशास्त्रज्ञांची एक जुनी उपमा येते: भांडवल म्हणजे झाड, उत्पन्न म्हणजे फळ. मॅकोंबर बाईंच्या हातात फळ पडलेलंच नव्हतं, झाड तेवढं वाढलं होतं. म्हणून कर नाही.

या तत्त्वात तथ्य नाही असं कुणी म्हणू नये. शेअरचा भाव आज वर असतो, उद्या कोसळतो. राहत्या घराची किंमत वाढली म्हणून निवृत्त माणसाच्या हातात रोकड येत नाही. कागदावरच्या वाढीवर कर मागितला तर तो भरायचा कुठून? त्यामुळे फळ तोडल्यावर कर, हा नियम बहुतेक देशांनी कमीअधिक फरकाने स्वीकारला. सामान्य माणसासाठी तो ठीकच आहे. अडचण येते ती झाड एवढं मोठं झाल्यावर, की फळ न तोडताही पोट भरतं.

ते कसं, हे एका कल्पित हिशेबातून पाहू. समजा, एका माणसाकडे स्वतःच्या कंपनीचे 100 कोटी डॉलरचे शेअर आहेत. कंपनी त्याने शून्यातून उभी केली, म्हणजे ही जवळजवळ सगळी वाढच. वर्षभरात भाव 7 टक्क्यांनी वाढला, संपत्ती 7 कोटींनी फुगली. त्याला खर्चाला हवेत 1 कोटी. तेवढे शेअर विकले, तर अमेरिकेच्या नियमांनी 20 लाखांहून जास्त कर बसेल. म्हणून तो विकत नाही. शेअर तारण ठेवून बँकेकडून 1 कोटी कर्ज काढतो. व्याजदर 4 टक्के धरला, तर वर्षाचं व्याज 4 लाख. कर्ज हे उत्पन्न नव्हे, ते फेडायचं असतं, म्हणून त्यावर कर नाही. वर्षअखेरीस त्याच्या संपत्तीत 7 कोटींची भर, खर्चाला 1 कोटी, आणि या सगळ्यावर प्राप्तिकर शून्य. कायदा कुठेही मोडलेला नाही.

पुढच्या वर्षी हेच. त्याच्या पुढच्या वर्षीही हेच. आणि तो माणूस गेला की? अमेरिकेत वारसांच्या दृष्टीने त्या शेअरची मूळ किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाएवढी धरली जाते. आयुष्यभराची वाढ हिशेबातून पुसली जाते. वारस शेअर विकून कर्ज फेडतात, आणि त्या वाढीवरचा प्राप्तिकर कुणीच, कधीच भरत नाही. मोठ्या वारशावर तिथे वेगळा कर आहे खरा, पण ट्रस्टच्या वाटेने त्याचीही धार कमी करता येते. या सगळ्याला तिथले करतज्ज्ञ तीन क्रियापदांत बसवतात: विकत घ्या, कर्ज काढा, मरा.

[दृश्य: पडद्यावर फक्त दोन आकडे: 401 अब्ज. 13.6 अब्ज.]

2021 साली प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने तिथल्या सर्वात श्रीमंत माणसांच्या करविवरणांची माहिती छापली. 2014 ते 2018 या पाच वर्षांत पहिल्या 25 जणांची संपत्ती मिळून 401 अब्ज डॉलरने वाढली. त्याच काळात त्यांनी भरलेला केंद्रीय प्राप्तिकर 13.6 अब्ज. वाढीच्या 3.4 टक्के. जेफ बेझोस यांनी 2007 आणि 2011 मध्ये, तर इलॉन मस्क यांनी 2018 मध्ये केंद्रीय प्राप्तिकर काहीच भरला नव्हता, हेही त्यातून समोर आलं.

त्याच मस्क यांनी 2021 च्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर शेअर विकले, आणि त्या वर्षी आपण 11 अब्ज डॉलरहून जास्त कर भरणार असल्याचं स्वतः जाहीर केलं. एवढा कर एका माणसाने भरणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण त्यातून दिसतं तेही हेच: फळ तोडलं की कर लागतो. तोडायचं की नाही आणि कधी, हे मालक ठरवतो. पगारदाराला हे ठरवता येत नाही.

श्रीमंतांच्या बाजूने एक आकडा नेहमी पुढे केला जातो, आणि तो खराच आहे. 2022 साली अमेरिकेतल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या 1 टक्का करदात्यांनी केंद्रीय प्राप्तिकरातला सुमारे 40 टक्के वाटा उचलला. मग आणखी काय हवं?

या 1 टक्क्यात कोण येतं ते पाहा. शल्यचिकित्सक, वकील, कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, चालता धंदा असलेले उद्योजक. त्यांची कमाई दिसते, मोजली जाते, आणि ते भरपूर कर भरतात. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. उतार सुरू होतो तो त्यांच्याही खूप वर, जिथे एका सभागृहात मावतील एवढीच कुटुंबं उरतात.

हे सगळ्यात स्पष्ट दाखवलं फ्रान्समधल्या अर्थतज्ज्ञांनी, 2023 साली. त्यांनी माणसाच्या नावावर येणाऱ्या उत्पन्नाबरोबरच त्याच्या कंपन्यांमध्ये साठून राहिलेला नफाही त्याचाच धरला. तेव्हा असं दिसलं, की वरच्या 0.1 टक्का लोकांपर्यंत कराचं ओझं चढत जातं, 46 टक्क्यांपर्यंत. मग ते घसरायला लागतं. अगदी टोकाच्या 75 कुटुंबांपाशी ते 26 टक्क्यांवर येतं. कारण त्यांचा नफा त्यांच्या खात्यात येतच नाही, मधल्या होल्डिंग कंपनीत, म्हणजे त्यांचे शेअर सांभाळणाऱ्या त्यांच्याच दुसऱ्या कंपनीत, मुरत राहतो. जिना शेवटच्या पायरीपर्यंत चढतो आणि गच्चीच्या दारातून पुन्हा खाली उतरतो.

[दृश्य: नकाशावर देशांचे दिवे एकेक करून मालवत जातात.]

मग सरळ संपत्तीवरच कर का नाही? लावून पाहिला आहे. 1990 साली ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या 12 देशांत असा कर होता, 2017 पर्यंत चारच उरले. स्वीडनने 2007 साली तो काढून टाकला. भारताने 1957 साली आणलेला संपत्ती कर 2015 मध्ये रद्द झाला.

जर्मनीत तो ज्या कारणाने बंद पडला ते सांगण्यासारखं आहे. शेअर आणि ठेवी तिथे चालू भावाने मोजल्या जात, पण पश्चिम जर्मनीतल्या जमिनी आणि घरांसाठी सरकारदप्तरी 1964 सालचं मूल्यांकन चालू होतं. 1995 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं, दोघांना दोन मापं लावता येणार नाहीत. संसदेने नवं माप बनवलं नाही आणि 1997 पासून कराची वसुलीच थांबली. पुन्हा तीच फूटपट्टी. युरोपातले हे कर पडले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मर्यादा एवढ्या खाली, की चांगल्यापैकी मध्यमवर्ग त्यात सापडायचा, आणि सवलती एवढ्या, की सर्वात मोठी संपत्ती सुटायची.

श्रीमंत देश सोडून जातील ही भीतीही पोकळ नाही. नॉर्वेने 2022 मध्ये संपत्ती कराचा दर वाढवला, आणि तिथले बडे उद्योगपती शेल इंगे र्यॉके यांनी त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बस्तान हलवलं. स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहेच, कमी दराने का होईना. नॉर्वेने मग देश सोडताना लागणाऱ्या कराचे नियम कडक केले. म्हणजे पळवाट दिसली, तर ती बुजवताही येते.

आणि अशक्य म्हटलेल्या गोष्टी याआधी झाल्या आहेत. परदेशी बँकखात्यांची माहिती 2017 पासून देश एकमेकांना आपोआप कळवू लागले. आज 100 हून अधिक देश त्यात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली बँकांची गुप्तता बरीचशी मोडली. 2021 साली 130 हून अधिक देशांनी बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान 15 टक्के कर लावायचं मान्य केलं.

कंपन्यांना किमान, मग माणसांना का नाही, हा प्रश्न फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी जून 2024 मध्ये जी-20 समोर ठेवला. ब्राझीलने त्यांना हे काम दिलं होतं. जगात अब्ज डॉलरहून जास्त संपत्ती असलेली सुमारे 3,000 माणसं आहेत. त्यांनी दरवर्षी निदान संपत्तीच्या 2 टक्के एवढा कर भरावा. प्राप्तिकर म्हणून तेवढा आधीच भरला असेल, तर आणखी काही नाही. कमी पडला असेल, तर फरक भरायचा. त्यातून वर्षाला 200 ते 250 अब्ज डॉलर उभे राहतील असा त्यांचा अंदाज आहे. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: फळ तोडलं का, हे इथे कुणी विचारतच नाही.

त्याच वर्षी रिओ दि जानेरोत जी-20 देशांनी अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर बसावा यासाठी सहकार्य करण्याचं लेखी मान्य केलं. दर ठरला नाही, तारीख ठरली नाही.

[दृश्य: पॅरिस. नॅशनल असेंब्लीची पायरी, मग सेनेटचं बंद दार.]

फ्रान्सने झुकमन यांचा हा किमान कर कायद्यात उतरवायचा प्रयत्न केला. 10 कोटी युरोंच्या वर संपत्ती असलेल्यांसाठी किमान 2 टक्के. सुमारे 1,800 कुटुंबांचा प्रश्न होता. 20 फेब्रुवारी 2025 रोजी नॅशनल असेंब्लीने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, हे विधेयक 116 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केलं. 12 जूनला वरिष्ठ सभागृहाने, सेनेटने, ते फेटाळलं.

जूनअखेरीस देशभर पगार झाले. फ्रान्समध्ये 2019 पासून प्राप्तिकर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो.