बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींची चौकशी

श्रोतेहो, नमस्कार.

बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची. ती संपत आली की घरात एकच विषय: बाळाला सांभाळायला कोण? सोसायटीतलं कुणीतरी नंबर देतं, 'चांगल्या आहेत हो मावशी', आणि सोमवारी कामावर जायचं म्हणून शनिवारी मावशी ठरूनही जातात. असं होऊ देऊ नका. रजा संपायच्या सहा आठवडे आधी शोध सुरू करा.

पहिलं काम, मूळ आधार कार्ड हातात घेऊन बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो नव्हे, मूळ कार्ड. त्यावरचा चौकोनी क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन केला की नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो दिसतो. कार्डावर छापलेलं आणि स्क्रीनवर आलेलं जुळलं पाहिजे. छापील कार्डात खाडाखोड करता येते, कोडमधल्या माहितीत नाही. वयही तिथेच कळतं. गावाकडून तेरा-चौदा वर्षांची पोरगी 'बाळाशी खेळायला' आणतात, ते कृपा करून करू नका. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, आणि त्या पोरीचं वय शाळेत बसायचं असतं.

आधारवरचा पत्ता पुष्कळदा गावचा असतो. कार्ड जालन्याचं आणि मावशी राहतात दिव्याला. तेव्हा सध्याचा पत्ता घ्या आणि त्यांना सांगून एकदा घरी जाऊन या.

दुसरं काम पोलीस पडताळणीचं. मावशींना आधी सांगा, मग त्यांचे फोटो, आधारची प्रत आणि दोन्ही पत्ते घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करूनही मिळतो. अर्ज त्यांच्या नावाने करायचा, शुल्क तुम्ही भरायचं. एजन्सी म्हणते 'आमच्याकडे पडताळणी झालेली आहे'. त्या कागदाची प्रत मागा. तारीख कोणती, ठाणं कोणतं, नाव हेच आहे ना, तीन गोष्टी बघा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, पण ती पोलिसांनाच बघता येते. आपल्याला तिथे पोहोचायची वाट पोलीस ठाण्यातूनच जाते. मात्र ध्यानात ठेवा, दाखला इतकंच सांगतो की पोलिसांत नोंद नाही. बाळाला चापट मारणाऱ्या माणसाची तक्रार सहसा झालेलीच नसते. म्हणून तिसरं काम सगळ्यात मोठं: आधीच्या घरांतली चौकशी.

त्यासाठी डोंबिवलीच्या एका घरातली हकिकत सांगते. बाळ सात महिन्यांचं, आईवडील दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारे, घरात आजी, पण गुडघ्यांनी बेजार. एजन्सीने एक मावशी पाठवल्या. फाइल नेटकी, आधीच्या दोन घरांचे नंबर दिलेले. सूनबाईंनी फोन लावला. 'फारच छान आहेत, डोळे मिटून ठेवा.' सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. आजी म्हणाल्या, 'फोन इकडे दे गं जरा.' आणि त्यांनी विचारलं, 'तुमचं बाळ दुपारचं काय खायचं हो?' पलीकडे शांतता. मग, 'सगळंच खायचं.' 'पहिला दात कधी आला?' 'आला की वेळेवर.' 'वरचा का खालचा?' फोन कट. आईला झोपेतून उठवून विचारा, पहिला दात ती सांगेल. पुढे कळलं, बोलत होती ती मावशींची भावजय.

मग दुसऱ्या मावशी आल्या, ओळखीतून. त्यांच्या आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, 'काम बरं आहे, पण हात चांगला नाही. ठेवू नका.' सूनबाईंनी लगेच नाव खोडलं. आजींनी पुन्हा फोन करायला लावला: काय गेलं? कधी गेलं? तक्रार दिली का? उत्तर आलं, 'तसं काही सापडलं नाही, पण संशय होता.' आजी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या इमारतीत गेल्या. वेळ मुद्दाम संध्याकाळी पाचची, पोरं खाली खेळायला येतात ती. वॉचमन काही बोलेना. जिन्याखालचा इस्त्रीवाला बोलला. 'त्या मावशी होय? दीड वर्ष रोज बाळाला घेऊन खाली यायच्या. दोन महिन्यांचा पगार अडकला होता. मागायला लागल्या आणि आठवड्याभरात चोरीचं निघालं.' बाकावर बसलेल्या तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, 'ते पोर अजून तिसऱ्या पायरीवर बसून राहतं. तिथेच बसवून त्या त्याला चपला घालायच्या.'

एवढ्यावरही आजींनी हो म्हटलं नाही. त्याआधीच्या घरी फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, नाचणीचं सत्त्व दोनदा गाळून घेतात, बाटली दिली की ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. मात्र सोमवारी उशीर करतात आणि फोनवर फार मोठ्याने बोलतात. आजी म्हणाल्या, 'ही खरं सांगतेय.' नुसतं कौतुक ऐकू आलं तर आणखी विचारा. बारीकसारीक तक्रारही कानावर आली, तर बोलणाऱ्याने त्या मावशींना खरंच पाहिलेलं असतं. त्या मावशींना डोंबिवलीच्या त्या घरात आता चौथं वर्ष चाललंय.

आणि पगाराचं निघालंच आहे तर सांगते. महिन्याचा पगार अडवून ठेवणं, चहाचा कप वेगळा ठेवणं, आठवड्याची सुट्टी कापणं, हे सगळं बंद झालं पाहिजे. आपलं बाळ ज्यांच्या मांडीवर झोपणार, त्यांना ताठ मानेने घरात वावरता आलं पाहिजे.

तर चौकशी निदान दोन घरांत, आणि त्यातल्या एका घरातलं बाळ तुमच्या बाळाच्या वयाचं हवं. पुन्हा सांगते, दोन घरं, एक बाळ त्याच वयाचं. काम कधी सोडलं, पुढचं कधी धरलं, मधले महिने मोजा. सहा महिने रिकामे दिसले तर विचारा. आजारपण असेल, गावी शेती असेल, कारण साधंच निघेल.

पगारी चाचणीचे पाच दिवस ठेवा, घरात कुणीतरी असताना. पहिल्या मुलाखतीतच विचारा, 'बाळ झोपतच नसेल तर काय करता?' थोपटते, फिरवते, गाणं म्हणते, अशी उत्तरं बरी. 'थोडं सर्दीचं औषध देते' म्हणाल्या तर तिथेच थांबा. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते आणि तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. बाळ त्यांच्याकडे असताना नेहमीपेक्षा जास्त झोपू लागलं, उठवूनही सुस्त राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या मावशींची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती आधी करा, आणि सोबत जा. भरवताना हातात मोबाईल देण्याची सवय मात्र मावशींना आपल्याच घरातून लागते. त्यापेक्षा रेडिओ लावून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

कॅमेरा लावणार असाल तर सांगून लावा, आणि रोज बघा. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती, पण ती घडत असताना कुणी पाहत नव्हतं. आणि अधूनमधून न कळवता दुपारी तीनला घरी या.

बाळाला कुणी इजा करतंय असा संशय आला तर चाइल्डलाइनचा नंबर 1098, चोवीस तास. एक, शून्य, नऊ, आठ. पोलिसांचा 112. दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. मावशींनाही लागू शकतात.

नमस्कार.