गुऱ्हाळ, पांढरी चार (फिल्मचं निवेदन)

[काहील वरून. वाफ. झाऱ्यानं मळी काढणारे हात.]

रस तापायला लागला की मळी वर येते. रानभेंडीचा चिकट रस त्यात पडला की ती साकळून एका जागी जमते आणि झाऱ्यानं काढून घेता येते. मळी राहिली तर गूळ काळपट होतो, म्हणून इथं घाई चालत नाही. पुढं रसाची काकवी होते. गूळ धरतो तो ११८ अंशांच्या आसपास. थर्मामीटर मात्र कुणी हातात घेत नाही. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो.

काहिलीपासून दोन मीटरवर, केसाळ टोपडं घातलेला माईक धरून ती उभी आहे. ती संगीतकार आहे, तिचं नाव पडद्यावर आहे. वय तेवीस. आवाज ती ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर टिपते आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही, कारण जाळातलं चिपाड मधेच फुटतं आणि तो एक फटका सगळा आवाज फाडून टाकतो. माईक याहून जवळ नेला की वाफ आत शिरते आणि कंडेन्सर माईक कडकडायला लागतो.

यातून उभी राहिली आहे साडेनऊ मिनिटांची वाद्यवृंदाची रचना. तिचे तीन भाग: चरक, काहील आणि वाफा, म्हणजे तयार गूळ ओततात ती जागा.

[डिझेल इंजिन, जवळून. पट्टा. चरकात जाणारा ऊस.]

पहिला भाग या इंजिनावर बेतला आहे. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, मिनिटाला हजार फेरे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो, म्हणजे मिनिटाला ५०० ठोके. एका मात्रेत चार ठोके बसवले की लय निघते १२५ ची. ही लय तिनं मनानं ठरवलेली नाही. उसाची जाड मोळी चरकात गेली की इंजिन दबतं, मग पुन्हा सावरतं. म्हणून स्वरलेखनातही लय दर काही आवर्तनांनी १२५ वरून ११६ वर उतरते आणि परत चढते.

सेकंदाला आठ ठोके ऐकायला सोपे आहेत, फुंकायला नाहीत. युफोनियमवर, म्हणजे बँडमधल्या मोठ्या पितळी वाद्यावर, तोच स्वर इतक्या वेगानं सलग वाजवायचा तर दुहेरी जीभ (त-क, त-क) मारावी लागते, आणि पाचसात आवर्तनांत ओठ जड होतात. यावर वाद्यवृंदातली जुनी युक्ती चालते: काम दोघांत वाटायचं. एक युफोनियम पहिली आणि तिसरी मात्रा वाजवतं, दुसरं दुसरी आणि चौथी. आपली मात्रा संपली की प्रत्येकानं पुढच्या मात्रेचा पहिला स्वरही वाजवून मगच थांबायचं. तो एक जादाचा स्वर लिहिला नाही तर जोडावर फट पडते आणि इंजिन बंद पडल्यासारखं वाटतं.

[पुन्हा काहील. मोठे, जाड बुडबुडे.]

काहिलीच्या भागात बुडबुडे आहेत. रस पातळ असताना ते बारीक आणि दाट असतात. तिथं व्हायोला आणि चेलो, गजाशिवाय, बोटानं तार खुडून, मुद्दाम अनियमित अंतरावर. काकवी झाली की बुडबुडा मोठा होतो आणि फुटायला वेळ लावतो. इथं लय कमी करायचा मोह होतो, आणि तिनं तो टाळला आहे. पुढच्या काहिलीसाठी चरक चालूच असतो. लय तीच ठेवून तिनं स्वर काढून घेतले: मात्रेला दोन, मग एक, मग दोन मात्रांना एक, आणि तेही खाली डबल बासवर. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, हे मात्र विसरून चालत नाही. संगणकावर रचलेली ओळ जशीच्या तशी स्वरलेखनात ओतली तर स्वर ओळींच्या खाली लोंबत राहतात आणि वादक डोकं धरतो.

[खोली. कीबोर्ड, पडदा, भिंतीला टेकवलेला तंबोरा.]

संगणकावरच्या वाद्यवृंदाबद्दल थोडं. ही सँपल असतात, खऱ्या वादकांचा एकेक स्वर वेगवेगळ्या ताकदीत टिपलेला. नुसत्या पट्ट्या दाबल्या तर निघतं ते मोठं हार्मोनियम. जीव येतो तो मॉड्युलेशनच्या चाकानं. त्याची किंमत ० ते १२७ असते आणि प्रत्येक ओळीला ती हातानं चढवावी-उतरवावी लागते. व्हायोलिनची लांब ओळ ३० वर सुरू होऊन ९५ पर्यंत जाते आणि श्वास सोडल्यासारखी उतरते. आणखी एक अडचण म्हणजे जोडून वाजवलेले स्वर सँपलमध्ये उशिरा बोलतात. काही संचांत हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. तेवढा आधी सुरू होईल असा ट्रॅक ओढून घेतला नाही तर तंतुवाद्यं कायम लयीच्या शेपटाला लोंबकळतात. नवखे संगीतकार इथं हमखास फसतात आणि दोष लयीला देतात.

एवढं केल्यावर निघालेला आवाज मोबाईलवर छानच वाटतो. आजकाल बहुतेकांची रचना इथंच संपते. हिची संपली नाही, म्हणून ही फिल्म आहे.

[देवल क्लब, बाहेरून. अल्लादियाखाँसाहेबांचा पुतळा.]

कोल्हापूरला गाण्याचं वेड नवीन नाही. गायन समाज देवल क्लबची स्थापना १८८३ ची. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारात होते. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तोवर गोविंदराव टेंबे इथं बोलपटांना संगीत देत होते. गाणारे या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण बासरी, ओबो, बासून, हॉर्न असा पुरा ताफा इथं मिळत नाही. मिळतात ते बँडवाले.

[बँडची तालीम. शाळेचा हॉल. पंखे.]

तीन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, दोन युफोनियम, एक ट्रॉम्बोन. लग्नसराईत यांना उसंत नसते. आषाढ लागला की मुहूर्त संपतात, तुळशीच्या लग्नापर्यंत वेळच वेळ. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीनंतर पेटतात, तालीम होते पावसात. एकाच रचनेला दोन ऋतू लागतात ते यामुळं.

पहिली अडचण पट्टीची. तंतुवाद्यांसाठी पांढरी दोन, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवरचा सा, सोयीची, कारण तो षड्ज व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर मिळतो, पंचम आणि मध्यमही मोकळ्या तारांवर, आणि वाद्य आपोआप गुंजतं. पण बँडची क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी-फ्लॅटची असतात. लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात. पांढरी दोनचा षड्ज त्यांना पांढरी तीनवर वाचावा लागतो, म्हणजे शुद्ध सप्तकाला चार शार्प, चार चढे स्वर. रस्त्यावर चालत वाजवणाऱ्याची बोटं तिथं क्वचितच जातात. म्हणून सगळी रचना पांढरी चारवर आणली. क्लॅरिनेटला आता एकच शार्प. तंतुवाद्यांची गुंज थोडी कमी झाली; चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार मात्र आता पंचम झाली आणि खालचा भाग भरला.

नवी पट्टी नवी खोड घेऊन आली. मुख्य धून भूपाच्या अंगाची: सा रे ग प ध. क्लॅरिनेटवर मधल्या सप्तकात रे वाजवताना जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि लगेच पुढच्या ग ला जवळजवळ सगळी बंद. नेमकं या सांध्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मागितली तर आवाज फाटतो. तिनं क्लॅरिनेटची ती ओळ सप्तकभर वर नेली. तिथं हा सांधा लागत नाही.

[जवळून: वहीचं पान. सरगम, चौकटी, पेन्सिलच्या खुणा.]

हे पान नीट बघा. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

बँडमधल्या बहुतेकांना पाच ओळींचं पाश्चात्त्य लेखन वाचायची सवय नाही. धून कानानं उचलायची, फार तर सरगम लिहून घ्यायची. म्हणून प्रत्येक वादकासाठी दोन पानं निघतात, एक पाच ओळींचं आणि एक भातखंडे पद्धतीच्या सरगमीचं. गंमत अशी की सरगमीत पट्टी बदलायचा प्रश्नच उरत नाही. ज्यानं त्यानं आपल्या वाद्यावरचा सा धरायचा. पुढं सगळ्यांच्या पानावर तेच सा रे ग. वाद्यवृंदाच्या लेखनात ज्या बदलापायी तासन्‌तास जातात आणि सगळ्यात जास्त चुका होतात, तो इथं एका ओळीत संपतो: क्लॅरिनेटच्या पानाच्या डोक्यावर 'सा = वाद्यावरचा जी', म्हणजे पांढरी पाच.

अडचण दुसरीकडं आहे. भातखंडे लेखन एकट्या गायकासाठी पुरेसं आहे, चौतीस आवर्तनं गप्प बसणाऱ्या ट्रम्पेटवाल्यासाठी नाही. म्हणून पानावर विश्रांतीची चौकट, आत आकडा, आणि चौकट संपायच्या आधी बारीक अक्षरात शेजारच्या वाद्याची ओळ. ती कानावर पडली की वाद्य ओठाला लावायचं. हा इशारा नसला की माणूस मोजत बसतो, मधे कुणी खोकलं की आकडा चुकतो, आणि पुढं सगळा हॉल त्याच्या मागं.

मंद्र (खालच्या) सप्तकाचं टिंब स्वराच्या खाली, तार (वरच्या) सप्तकाचं वर. फिकट झेरॉक्समध्ये ही टिंबं उडतात आणि युफोनियम सप्तकभर वर वाजतं. आता टिंबं अक्षराच्या जाडीची आहेत. कागद ९० जीएसएमचा, कारण ७० चा पंख्याखाली उडतो. शिवाय स्टँडला कपड्यांचे चिमटे. पान उलटायची जागा नेहमी विश्रांतीत.

[मूळ आवाज. तालीम.]

– ताई, हितं श्वास कुठं घ्यायचा? आठ मात्रं सलग हाईत.
– मास्तर, तुम्ही पाचव्या मात्रेनंतर घ्या. दुसरे मामा सातव्यानंतर घेतील. दोघांनी एकदम घेऊ नका.
– आसं पानावर लिव की मग.

लिहिलं. आता प्रत्येक लांब ओळीवर दोन्ही वादकांचे श्वास वेगवेगळ्या जागी खुणावलेले आहेत.

[व्हायोलिन. दोघं खुर्चीवर, दोघं मांडी घालून.]

व्हायोलिनवाले चार. त्यातले दोघं हिंदुस्थानी पद्धतीचे, तारा सा-पच्या जोड्यांत लावणारे. त्यांना पाश्चात्त्य बोटांचे आकडे देऊन उपयोग नसतो, सरगमच द्यायची. मींड याच दोघांकडं आहे, आणि ती एकाच तारेवर राहील अशी लिहिलेली आहे, कारण तार बदलली की मींड तुटते. चौघांनी प्रत्येक ओळ तीनदा वाजवली, दर वेळी जागा बदलून, म्हणजे बारा व्हायोलिनचा थर तयार झाला. जागा न बदलता तीनदा घेतलं की आवाज पोकळ येतो. हा थर सँपलवर चढवला आहे. सँपल खाली पोत देतं, वर माणसं.

[शेकोटी. हलगी तापवणारे हात. ठिणग्या.]

हलगी. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात तर वाजवता वाजवता उतरतं. ताणायला आच लागते, आणि शाळेच्या हॉलमध्ये जाळ करता येत नाही. फायबरच्या पानाची हलगी ओलीला दाद देत नाही, पण तिचा टणकार कोरडा. खासबागेत कुस्तीला वाजते ती ही नव्हे. म्हणून हलगी अंगणात टिपली, पत्र्याच्या आडोशाला, दोन हलग्या घेऊन. एक वाजतेय तोवर दुसरी शेकतेय. स्वरलेखनातही हलगीचे प्रवेश छोटे आणि आलटून पालटून आहेत, ते या कारणानं. वेगळी टिपण्यामागं आणखी एक कारण आहे. एका खोलीत हलगी असली की व्हायोलिनच्या प्रत्येक माईकात आधी हलगीच येते.

हलगीवाल्याच्या एका कानात ठोक्याचा इअरफोन आहे, दुसरा कान मोकळा. १२५ वरून ११६ ची उतरण त्या ठोक्यातच भरलेली आहे. पहिल्या घेतीत, म्हणजे पहिल्या टेकमध्ये, त्यानं इअरफोन काढून ठेवला. ऐका.

[हलगी, पूर्ण आवाज. निवेदन नाही.]

हीच घेत रचनेत ठेवली आहे. बाकीचा वाद्यवृंद तिच्या मागं सरकवला.

[केशवराव भोसले नाट्यगृह, बाहेरून.]

हा प्रयोग व्हायचा तर याच रंगमंचावर, असं गावातल्या कुणालाही वाटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली. पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमध्येच झाला. मानधन सगळ्यांना मिळालं, लग्नाच्या सुपारीपेक्षा कमी.

[पडदा: फायलींची यादी.]

रचना इंटरनेटवर ऐकायला आहे. त्याहून महत्त्वाचं, सगळी पानं उतरवून घ्यायला खुली आहेत: पूर्ण स्वरलेखन, प्रत्येक वाद्याचं पाच ओळींचं पान, सरगमीचं पान, ठोक्याचा ट्रॅक आणि जी वाद्यं गावात नसतील त्यांचा सँपलचा ट्रॅक. कायद्यानं हक्क तिचेच राहतात, हयातभर आणि पुढं ६० वर्षं. वाजवायला परवानगी मात्र मागावी लागत नाही, तसं तिनं फायलीवरच लिहिलं आहे. फाइल म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची आहे. ते मोफत आहे, म्हणजे पट्टी बदलायची तर कुठल्याही गावचा बँड स्वतः बदलू शकतो. सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज, जिथं तीन क्लॅरिनेट आणि एक हलगी आहे तिथं हे वाजू शकतं. क्लॅरिनेट दोनच असतील तर तिसरीची ओळ ट्रम्पेटला द्या, पण भोंग्यात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, घालून.

ट्रॉम्बोनचं पान कुणी आधीच छापून घेतलं असेल तर तेवढं बदला. तिसऱ्या भागात, गूळ वाफ्यात ओततात तिथं, जुन्या पानावर सा ते प अशी सलग मींड आहे. ट्रॉम्बोनची नळी पूर्ण बाहेर काढली तरी एका दमात सलग मींड सा ते तीव्र मध्यम (प च्या लगेच खालचा स्वर) एवढ्याच अंतराची मिळते. त्यापुढं ओठ उडी मारतो आणि ती उडी ऐकू येते. नव्या पानावर मींड ग ते प आहे. कोपऱ्यात 'दुसरी आवृत्ती' असं लिहिलेलं असेल.